धीराचे सलामीवीर : कै. विजय मर्चंट

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांनी काय मिळविले, याकडेच आपले लक्ष बहुधा जाते. त्यांचे काय काय हुकले आणि ते हुकल्यावर त्यांनी काय केले, याचा विचार आपण क्वचितच करतो. वस्तुतः मनुष्याची पारख या दुसऱ्या गोष्टीनेच अधिक होते. भारताचे नामांकित क्रिकेटपटू कै. विजय मर्चंट यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो, ते याच हेतूने. या गृहस्थांनी धावा पुष्कळ केल्या. परंतु त्यांच्या हातून निसटलेल्या संधीही थोड्याथोडक्या नव्हत्या. त्या निसटल्या असताही त्यांचे मन कडू झाले नाही, हे आम्हांस त्यांच्या धावांहून मोठे वाटते.

आमच्या पालकांपैकी कित्येकांस हा खेळ केवळ मुलांच्या तोंडून ठाऊक असेल. म्हणून सलामीचा फलंदाज म्हणजे काय, हे आधी सांगितलेले बरे. हरसूलच्या आसपास भात कापून खाचरे मोकळी झाली की मुले तीन काठ्या रोवून रबरी चेंडूने खेळू लागतात, आणि पहिली फळी कोणी घ्यावयाची यावरून त्यांच्यात भांडण ठरलेलेच असते. मोठ्या सामन्यातील गोष्ट निराळी. तेथे डावाच्या आरंभी चेंडू नवा, टणक व चकचकीत असतो. तो हवेत वळतो, जमिनीवर पडून एकाएकी दिशा बदलतो. जलद गोलंदाज दमलेले नसतात आणि खेळपट्टीचा स्वभाव अद्याप कोणास कळलेला नसतो. अशा वेळी जो पुढे जातो तो सलामीवीर. नव्या चेंडूची धार बोथट होईपर्यंत त्याने टिकावे, सोडण्याजोगा चेंडू सोडावा, अंगावर आलेला सोसावा आणि मागून येणाऱ्या गड्यांची वाट सोपी करावी, अशी त्याची कामगिरी असते.

विजय मर्चंट यांचा जन्म मुंबई येथे १२ ऑक्टोबर १९११ रोजी झाला. कुटुंब गुजराती भाटिया समाजातील, कापडाच्या गिरण्यांचे मालक व सधन. कुलनाम वास्तविक ठाकरसी. शाळेत असताना मुख्याध्यापकांनी नाव व वडिलांचा धंदा विचारला. मुलाने धंदा व्यापाराचा म्हणून सांगितले, आणि त्या धंद्याचा इंग्रजी शब्दच आडनाव म्हणून नोंदला गेला, अशी हकिकत सांगतात. पुढे ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात शिकले. घरी कशाचीच वाण नव्हती; गिरणीच्या पेढीवर बसून आयुष्य सुखाने घालविता आले असते. तथापि खेळाच्या मैदानावर बापाची श्रीमंती कामी येत नाही. तेथे गोलंदाजाचा चेंडू गिरणीमालकाच्या मुलास व गिरणीकामगाराच्या मुलास सारखाच लेखतो. हे ओळखून त्यांनी आपला खेळ परिश्रमाने घडविला. बांधा त्यांचा धिप्पाड नव्हता. शक्तीची उणीव त्यांनी पायांच्या अचूक हालचालीने व नजरेच्या तीक्ष्णतेने भरून काढली. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबावयाचे आणि तो यष्टींजवळून निघून जाण्याच्या बेतात असता बॅटीच्या हलक्या स्पर्शाने त्यास मागे सीमेकडे धाडावयाचे, या फटक्यास लेट कट म्हणतात. मर्चंट यांचा हा फटका फार नावाजलेला होता. ज्यास उतावीळपणा आवरत नाही, त्यास हा फटका साधत नाही.

पहिली संधी हुकली ती त्यांच्या स्वतःच्या निश्चयाने. सन १९३२ साली भारताचा संघ इंग्लंडास जावयाचा होता. त्याच दौऱ्यात २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. मर्चंट तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. परंतु त्या वर्षाच्या आरंभीच सरकारने महात्मा गांधींस व इतर पुढाऱ्यांस कारागृहात टाकले होते. देशाचे नेते बंदिवासात असता आपण राज्यकर्त्यांच्या देशी खेळावयास जाणे योग्य नव्हे, असे मानून मर्चंट, लक्ष्मीदास जय व चंपक मेहता या हिंदू जिमखान्याच्या खेळाडूंनी त्या दौऱ्यापासून स्वतःस दूर ठेविले. देशाच्या पहिल्या कसोटी संघात आपले नाव असावे, असे कोणत्या तरुणास वाटणार नाही? तो मान पुन्हा मिळण्याजोगा नव्हता. मर्चंट यांनी तो सोडला आणि सरावास लागले.

पुढील वर्षी, १९३३ मध्ये, इंग्लंडचा संघ डग्लस जार्डिन याच्या नेतृत्वाखाली भारतात आला. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला, त्यात मर्चंट यांस संघात स्थान मिळाले. त्या मालिकेतील तिन्ही सामने ते खेळले. फार मोठी धावसंख्या त्यांच्या नावे लागली नाही. परंतु जलद माऱ्यापुढे न डगमगणारा खेळाडू भारतास लाभला, हे जाणत्यांच्या लक्षात आले.

सन १९३६ चा इंग्लंडचा दौरा भारतीय संघास सुखाचा झाला नाही. संघाचे कर्णधार विजयानगरम्‌चे महाराजकुमार होते. खेळापेक्षा मानमरातबाने त्यांस ते पद मिळाले होते. संघात तट पडले. लाला अमरनाथ यांच्यासारख्या गुणी खेळाडूस दौऱ्याच्या मध्येच मायदेशी परत पाठविण्यात आले. मँचेस्टर येथील दुसऱ्या कसोटीत तर इंग्लंडने ८ गडी बाद ५७१ धावांवर डाव सोडला आणि भारताचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. तीनशे अडुसष्ट धावांचे ओझे डोक्यावर घेऊन भारतास पुन्हा खेळावयाचे होते. पराभव समोर दिसत होता.

सलामीस मर्चंट व इंदूरचे मुश्ताक अली गेले. मर्चंट यांस धावबाद करवावे, अशी सूचना कर्णधाराने आपणांस केली होती, असे मुश्ताक अली यांनीच पुढे सांगितले. मुश्ताकांनी ती गोष्ट मर्चंट यांच्या कानी घातली, दोघेही हसले आणि खेळू लागले. स्वभावाने हे दोघे अगदी भिन्न. मुश्ताक धाडसी, पुढे धावून फटके मारणारे. मर्चंट सावध व नेमके. एक हिंदू, एक मुसलमान. एक गिरणीमालकाचा पुत्र, एक होळकरांच्या इंदूरचा. तरी एकमेकांवरील विश्वास असा की त्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा १९० धावा झाल्या होत्या आणि एकही गडी बाद नव्हता. इंग्लंडच्या व भारताच्या मिळून त्या एका दिवसात ५८८ धावा झाल्या. दुसऱ्या दिवशी भागीदारी २०३ वर तुटली. पहिल्या डावात साऱ्या संघाने जेवढ्या धावा केल्या, तेवढ्याच या दोघांनी एकही गडी न गमावता केल्या. मुश्ताक ११२ धावांवर बाद झाले. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. मर्चंट यांनी ११४ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. ज्या संघात घरभेद माजला होता, त्याची लाज त्या दोघांनी राखली. त्या दौऱ्यात मर्चंट यांनी एकंदर १,७४५ धावा केल्या. लँकेशायरविरुद्धच्या एका सामन्यात तर त्यांनी १३५ व ७७ धावा केल्या आणि दोन्ही डावांत ते नाबादच राहिले. विस्डेन या क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिक ग्रंथाने १९३७ साली वर्षातील पाच उत्तम खेळाडूंत त्यांची गणना केली.

मर्चंट यांचे वय आता पंचवीस होते. फलंदाजाच्या भरभराटीचा काळ यापुढचाच. परंतु १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. १९३६ च्या ऑगस्टनंतर भारतास कसोटी सामना खेळावयास मिळाला तो थेट १९४६ च्या जूनमध्ये. जवळजवळ दहा वर्षे! शेतकऱ्याने नांगरट करून ठेवावी, बियाणे घरात तयार असावे, आणि दहा पावसाळे कोरडे जावेत, तशी ही अवस्था. एखादा खेळाडू अशा वेळी खिन्न होऊन बॅट ठेवून देता. मर्चंट यांनी देशात जे सामने होत होते त्यांतच मन घातले.

त्या काळी मुंबईत धर्मावर बेतलेल्या संघांची पंचरंगी स्पर्धा भरत असे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि राहिलेल्या सर्वांचा म्हणून अवशिष्ट, असे पाच संघ असत. या पाचव्या संघातून विजय हजारे खेळत. हजारे हे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील; आमच्या वाचकांपैकी अनेकांस त्यांच्याविषयी आपलेपणा वाटणे साहजिक आहे. डिसेंबर १९४३ मधील अंतिम सामन्यात हिंदू संघातर्फे मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि संघाने ५ गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला. अवशिष्ट संघाचा पहिला डाव १३३ धावांत संपला. दुसऱ्या डावात एका बाजूने गडी जात असता हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या. संघाच्या सर्व मिळून धावा होत्या ३८७. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा केल्या, परंतु भावास साथ देत ते चिवटपणे उभे राहिले. सामना हिंदू संघाने एक डाव व ६१ धावांनी जिंकला; पण लोकांच्या जिभेवर दोघाही विजयांची नावे राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रणजी करंडकाच्या सामन्यात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. भारतीय फलंदाजाची तोवरची ती सर्वांत मोठी खेळी होती. १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुणे येथे नाबाद ४४३ धावा करून ती मागे टाकली. धर्मावर संघ पाडण्याची ती रीत १९४६ साली बंद झाली, हे उत्तमच झाले. परंतु त्या वाईट रीतीतही मर्चंट व हजारे यांची चढाओढ निर्मळ राहिली. आपल्या शाळेत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

युद्ध संपल्यावर १९४६ साली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडास गेला. पतौडीचे नवाब कर्णधार होते, मर्चंट उपकर्णधार. त्या वर्षी इंग्लंडात पाऊस फार झाला. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वागेल याचा नेम नसे. अशा उन्हाळ्यात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मर्चंट यांनी दौऱ्यात २,३८५ धावा केल्या. सरासरी ७४ च्या वर. ओव्हल मैदानावरील कसोटीत ते १२८ धावांवर खेळत होते. धाव घेताना घोटाळा झाला, तोच इंग्लंडचा खेळाडू डेनिस कॉम्प्टन याने हाताने चेंडू उचलण्याऐवजी पायानेच यष्टींवर मारला आणि मर्चंट धावबाद झाले. कॉम्प्टन हा आर्सेनल संघाचा नामांकित फुटबॉलपटूही होता! गोलंदाजास दाद न देणारा हा फलंदाज शेवटी फुटबॉलच्या फटक्याने बाद झाला, याची मौज आमच्या विद्यार्थ्यांस खचित वाटेल.

सन १९४७ साली देश स्वतंत्र झाला. स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियास जावयाचा होता व त्याचे नेतृत्व मर्चंट यांच्याकडे आले होते. तेथे जगातील सर्वश्रेष्ठ फलंदाज डॉन ब्रॅडमन यांच्याशी सामना होता. परंतु प्रकृतीने दगा दिला आणि मर्चंट यांस माघार घ्यावी लागली. लाला अमरनाथ यांनी संघ नेला. पुढील वर्षी वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हाही मर्चंट यांस खेळता आले नाही. १९३२ साली त्यांनी संधी आपण होऊन सोडली होती. युद्धाने व आजाराने मात्र ती त्यांच्या हातून हिरावून घेतली. सोडणे त्यांस साधले होतेच. आता हिरावले गेलेलेही त्यांनी तक्रारीवाचून सोसले.

नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडचा संघ दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर उतरला. भारताचे कर्णधार आता विजय हजारे होते. ज्यांच्या हाताखाली खेळावयाचे ते वयाने लहान, एके काळचे प्रतिस्पर्धी. पण मर्चंट यांस त्यात कमीपणा वाटला नाही. वय चाळीस वर्षे पूर्ण. शेवटचा कसोटी सामना खेळून पाच वर्षे लोटलेली. त्यांनी १५४ धावा केल्या. हजारे नाबाद १६४ राहिले आणि दोघांनी मिळून २११ धावांची भागी केली. आठ वर्षांपूर्वी मुंबईत समोरासमोर उभे राहिलेले दोन विजय दिल्लीस एकमेकांच्या बाजूस उभे राहिले. चाळिशीत कसोटी शतक करणारा दुसरा भारतीय पुढेही झाला नाही. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना चेंडू अडविण्यासाठी त्यांनी झेप घेतली, खांद्यास जबर दुखापत झाली आणि त्यांचा खेळ कायमचा थांबला.

हिशेब मांडला तर तो असा दिसतो. अठरा वर्षांच्या काळात कसोटी सामने अवघे १०, तेही सर्व इंग्लंडविरुद्ध. धावा ८५९, शतके ३. पहिले ११४ चे, दुसरे १२८ चे, तिसरे १५४ चे. म्हणजे प्रत्येक शतक आधीच्याहून मोठे, आणि सर्वांत मोठी खेळी तीच शेवटची. प्रथम श्रेणीच्या १५० सामन्यांत त्यांनी १३,४७० धावा केल्या; सरासरी ७१.६४. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत ब्रॅडमन यांच्या खालोखाल हीच सरासरी गणली जाते. रणजी करंडकात तर ती ९८.७५ होती.

खेळ सुटल्यावरही मर्चंट यांनी क्रिकेटची सेवा सोडली नाही. आकाशवाणीच्या विविध भारतीवरून दर रविवारी ते क्रिकेटविषयी बोलत. ज्यांस मैदान कधी पाहावयास मिळाले नाही, अशा खेड्यापाड्यांतील श्रोत्यांसही त्यामुळे खेळाची गोडी लागली. राष्ट्रीय निवड समितीचे ते अध्यक्ष झाले. १९७१ साली त्यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले, आणि त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत जाऊन मालिका जिंकल्या.

परंतु त्यांच्या उत्तर आयुष्यातील मोठे कार्य मैदानाबाहेरचे होते. अंध व अपंग बांधवांस दयेची भाकर नको, काम हवे, असा त्यांचा ठाम विचार होता. स्वतः गिरणीमालक असल्याने उद्योगधंद्यांतील पुष्कळ मंडळी त्यांच्या ओळखीची होती; अशा माणसांस नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी आपली ओळख व कीर्ती दोन्ही खर्ची घातल्या. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले होते. त्या संस्थेचे काम आपल्या नाशिकातही चालते. ज्याने जन्मभर नव्या चेंडूचा मारा सोसून मागून येणाऱ्यांस वाट करून दिली, त्याने दैवाचा मारा सोसणाऱ्यांच्या बाजूस उभे राहावे, यात नवल ते काय? आपणांस मिळालेली देणगी पुरून न ठेवता ती दुसऱ्यांसाठी वापरावी, ही प्रभूची शिकवण आहे. ती शिकवण या हिंदू गृहस्थांनी आपल्या आचरणात उतरविली, हे आम्ही आदराने नमूद करतो.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात विश्वचषकाची स्पर्धा प्रथमच भारतात व पाकिस्तानात भरली होती. सोळा वर्षांखालील मुलांची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते. आमच्या वरच्या वर्गांतील मुले त्याच वयाची आहेत.

हे चरित्र आम्ही हरसूलच्या मुलांसाठी का निवडले, ते आता सांगतो. आपल्या पाड्यांवरील कित्येक मुलांचा अभ्यास मध्येच तुटतो. कोणी आवणीच्या दिवसांत घरी राहतो, कोणी दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षांच्या कामावर दिंडोरी-निफाडकडे जातो, कोणाचे वर्ष आजारात जाते. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. मुलास लाज वाटते, आणि आता आपले काही व्हावयाचे नाही असे ठरवून ते शाळाच सोडते. अशा मुलांनी मर्चंट यांची गेलेली दहा वर्षे आठवावी. गेलेले वर्ष कोणी परत देत नाही, हे खरे. परंतु परत येऊन बाकावर बसावयाचे की नाही, हे आपल्या हाती असते. वर्ग पुढे गेला असेल तर आम्ही शिक्षक मागचे शिकवावयास तयार आहो.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या घरी किंवा शेजारी दृष्टीने अधू, पायाने अधू असे एखादे मूल असेल, तर त्यास ओट्यावर बसवून ठेवू नये. ते शिकू शकते, कमावूही शकते. येत्या जून महिन्यात शाळा उघडेल त्या दिवशी त्याचा हात धरून त्यास आमच्याकडे आणावे.